शिसं भरलेला क्रँक

दुकानाचं शटर अर्धं वर ढकललं आणि तोच वास अंगावर आला. सरकीची ढेप, पाणी सुटलेला गूळ, बारदान्याची धूळ, आणि या सगळ्याच्या तळाशी मातीचं तेल, म्हणजे रॉकेल. एवढ्या वर्षांत छत बदललं, फळ्या जाऊन शटर आलं, पण हा वास काही दुकान सोडून गेला नाही. मी गेले. तळेगावच्या या दुकानाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि आता त्याच उंबऱ्यावर उभी राहून तो वास आत ओढत होते. नाकाला अक्कल नसते.

गादीवर मोठे बाबा बसले होते, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अंगानं पार आटलेत, पण बसण्याची ढब तीच, एक गुडघा वर आणि हात काट्याच्या साखळीपाशी. काट्यात काही नव्हतं. दुकानातही काही उरलं नव्हतं, कारण हमरस्ता रुंद करायला दुकानाची पुढची बाजू पाडणार आहेत आणि भिंतीवर लाल खूण करून गेलेत. म्हणूनच मला निरोप आला होता. निरोप तरी कसा, तर 'तुया बापाचं सामान पडलं हाये, नेजो, नाई तं भंगारवाल्याले देतो.' बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या माणसानं मला पाठवलेला हा पहिला निरोप.

"गाडी सावलीत लावली का?" त्यांनी विचारलं. ये नाही, बस नाही.

"लावली."

"थे पाय तठी. ताडपत्रीवर."

कोपऱ्यात घडी केलेल्या ताडपत्रीवर तो पडला होता. अर्धा क्रँक, बाबांच्या गाडीच्या इंजिनातला. तुटलेल्या टोकाला गंज चढलेला, बाकी अंगावर तेलात माती बसून झालेला काळा थर. आणि आडवा पडलेला. पावसाळ्यात पोत्यांवरची ताडपत्री उडू नये म्हणून वर्षानुवर्षं यानं वजनाचं काम केलं होतं, तेही आडवं पडून. बाबा म्हणायचे, क्रँक कधी निजवायचा नाही. उभा ठेवायचा नाही तर टांगायचा, कारण निजवला की आपल्याच भारानं वाकतो. आमच्या घरात एवढी काळजी माणसांच्या कण्याची कुणी केली नाही.

मोठ्या बाबांबद्दल चांगलं बोलायचं मी कधीच सोडून दिलंय, तेव्हा जे आहे तेच सांगते. या माणसाला जगातली एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे वजन. दुकानातून जे बाहेर जाईल ते तोलून जायचं आणि परत येईल ते तोलून यायचं. कल्हईला दिलेली आईची भांडी आधी काट्यावर चढायची, कल्हईवाला घेऊन आला की पुन्हा चढायची. गादीचा कापूस पिंजायला गेला तरी तेच. मी जन्मले तेव्हा मलाही सव्वा महिन्यानं तुरीच्या पारड्यात ठेवून तोललं होतं, आणि 'बरी भरली' एवढंच म्हणाले होते असं आई सांगायची. ती कौतुकानं सांगायची. मला ते ऐकून कधी कौतुक वाटलं नाही.

दसरा हा त्यांचा खरा सण. आदल्या दिवशी सगळी वजनं चिंच लावून घासायची, पाटावर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायची, हळदकुंकू वाहायचं. लोखंडी वजन उपडं केलं की खाली एक भोक दिसतं आणि त्या भोकात शिसं भरलेलं असतं. त्यावर सरकारी शिक्का. वजन झिजून कमी भरायला लागलं की वजन-मापाचा माणूस त्यात थोडं शिसं ओतून ते पुरं करतो. लहानपणी मला ते शिसं नखानं टोकरायचा नाद होता. नखाची खूण उमटायची त्यावर, इतकं मऊ. मोठे बाबा हातावर चापट मारायचे. भोक मोकळं दिसलं म्हणजे वजन खोटं, हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

बाबांचा सण निराळा होता. दुकानामागे निंबाखाली आजोबांच्या वेळची अँबॅसिडर उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. बाबा गादीवर बसून तूर तोलायचे आणि लक्ष सगळं मागे. शर्टाच्या वरच्या खिशात लाल मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, कायम खोचलेला. त्यानं खिशाला भोकं पडायची आणि आई पुन्हा पुन्हा ठिगळ लावायची. "तुमाले पेन ठेवता येत नाई का खिशात, बाकी लोकाईसारखा?" असं ती म्हणायची, आणि ठिगळ मात्र शर्टाच्या रंगाचंच शोधून लावायची.

त्या उन्हाळ्यात बाबांनी इंजिन खाली उतरवलं. मी तेव्हा आर्वीला कॉलेजात जात होते. एसटीनं घरी यायचे तोवर दुपार कलंडलेली असायची. निंबोळ्या पिकून खाली पडलेल्या, त्यांचा कडूगोड वास आणि परातीत मातीच्या तेलात बुडवलेले इंजिनचे भाग. बाबा ब्रशनं एकेक घासायचे आणि गोणपाटावर रांगेनं मांडायचे. सगळं घर नाकाला पदर लावून फिरायचं. मला तो वास म्हणजे सुट्टी वाटायची. बाबा गुणगुणायचे. गादीवर बसलेले असताना त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नाही.

ही सगळी खटपट कशासाठी होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी सुरू झाली की बाबा तळेगाव ते वर्धा टॅक्सी चालवणार होते, आर्वी आणि आंजीवरून. आम्ही वर्ध्याला राहायला जाणार होतो. पिपरी मेघेत तेव्हा नवी घरं उठत होती. त्यातल्या एका घरातल्या दोन खोल्या आई पाहून आली होती. मागे जांबाचं, म्हणजे पेरूचं झाड होतं. त्या झाडाबद्दल ती इतक्यांदा बोलली की मला न पाहता त्याच्या फांद्या पाठ झाल्या. मोठ्या बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत गाडी चालली तं जा. नाई चालली तं गादीवर मुकाट्यानं बस, मंग हे येड पुन्हा काढायचं नाई." बाबांनी मान हलवली होती. मोठ्या भावासमोर त्यांची मान एवढीच हलायची, खालीवर.

जुना क्रँक कामातून गेला होता. पिस्टनचं वरखाली होणं ज्याच्यामुळे चाकाच्या फिरण्यात बदलतं तो हा दांडा. ठिकठिकाणी वाकड्या कोपरासारखी वळणं असलेला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. बाबांनी नागपूरच्या भंगारातून दुसरा शोधून आणला. कुठल्याशा फुटलेल्या इंजिनातला, पण धड. आणला आणि आधी काट्यावर चढला, अर्थात. मोठ्या बाबांनी वजन पाहिलं, तोंडातल्या तोंडात म्हणून ठेवलं. त्यांना कधी काही लिहून ठेवावं लागत नसे.

नंतर बाबा तो क्रँक आणि आपल्या इंजिनमागचं जड चाक घेऊन पुन्हा नागपूरला गेले. एका इंजिनचा क्रँक आणि दुसऱ्याचं चाक, यांचा मेळ बसलेला नसतो. दोन्ही जोडून यंत्रावर फिरवतात, कुठली बाजू जड पडते ते पाहतात आणि तिथे भोक पाडून तेवढं लोखंड काढून टाकतात. बाबांनी मला हे दुकानातल्या पंख्यावरून समजावलं होतं. तो पंखा डुलायचा. बाबांनी स्टुलावर चढून एका पात्यावर वायसर चिकटवलं आणि पंखा गुमान फिरायला लागला. "वजन किती हाये ते पाह्यचंच नाई बेटा," ते म्हणाले, "कोठी हाये ते पाह्यचं." किती आनंदानं म्हणाले होते. आयुष्यभर किती ते पाहत बसलेल्या माणसाला कुठे ते सापडलं होतं.

क्रँक घासून, भोकं पाडून परत आला. मी त्या दिवशी घरीच होते. बाबांनी तो मखमलीत बांधल्यासारखा जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. चांदीसारखा चकाकत होता आणि जाड भागांवर गोल, स्वच्छ भोकं. मोठे बाबा म्हणाले, "चढव." बाबांनी चढवला. मोठ्या बाबांनी काट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी दुकान फोडून नेलंय.

"कमी भरला."

"कमी तं भरनच दादा. घासला, भोकं पाडले."

"लोखंड कोठी गेलं मंग?"

"नागपूरलेच राह्यलं. भुसा झाला त्याचा."

"आपल्या मालाचा भुसा त्याच्या घरी काऊन? आणि हे भोकं उघडेच ठेवले? भरून काऊन नाई देल्ले?"

बाबांनी पंख्याचं सांगितलं. वायसरचं सांगितलं. हातानं गोल फिरवून दाखवलं. मोठ्या बाबांनी ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "तुले बनवलं त्यायनं." बाबांची मान खालीवर झाली. मला त्या मानेची तेव्हाही चीड आली होती.

पुढचं मला घरात सांगण्यात आलं ते असं. दसऱ्याच्या आधी बाबा बेअरिंग आणायला आर्वीला गेले होते. मी कॉलेजात होते. मोठ्या बाबांनी वजनांचं उरलेलं शिसं चुलीवर वितळवलं, क्रँकच्या सगळ्या भोकांमध्ये ओतलं, हातोडीनं ठोकून सारखं केलं आणि काट्यावर चढवून वजन पुरं करून घेतलं. बाबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी घाईत क्रँक बसवून टाकला. हे मला आईनं सांगितलं आणि मी ते डोळे मिटून मानलं.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. बोनेटवर झेंडूची माळ, सोन्याची पानं, हळदकुंकू. शेजारपाजार जमलेला. आवाज निघाला आणि माळ थरथरायला लागली. पानं सरकत सरकत खाली पडली. आईनं ती उचलून पुन्हा ठेवली, ती पुन्हा पडली. "नवीन हाये, बसन हळूहळू," असं बाबा म्हणाले, पण त्यांनी इंजिनकडे पाहिलं नाही. हे मला आता आठवतंय. तेव्हा मी पानं गोळा करत होते.

दिवाळीआधी आम्ही निघालो. कॅरियरवर गाद्या, मागे पेटी, आईच्या मांडीवर देव. मोठे बाबा दारात उभे राहिले आणि कुठलाही अडथळा आणला नाही. आर्वी गेलं. कपाशी फुटलेली होती दोन्ही बाजूंना, खिडकीतून ऊन यायचं ते कोवळं, आणि गाडी अशी हलत होती की आईच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या थांबत नव्हत्या. आई हसत होती. जांबं तोडायला काठी आणली का म्हणून मला विचारत होती. आंजीच्या अलीकडे एक आवाज झाला. मोठा नव्हता. लाकूड मोडावं तसा. मग गाडी आपल्या वेगानं थोडी पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. इंजिनखालून तेल सांडून मातीत पसरलं. बाबा बोनेट न उघडता गाडीजवळ उभे होते.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी परत तळेगावला आणली. गाद्या पुन्हा खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गादीवर बसले, आणि गेले तेही त्याच गादीवरून, कुणाची तरी सरकी तोलता तोलता. मधल्या वर्षांत ते कधी गुणगुणले नाहीत. गावात मात्र गोष्ट झाली. 'शेठनं क्रँकचं वजन भरून देल्लं' म्हणून लोक चहाच्या टपरीवर हसायचे, लग्नाच्या पंगतीत हसायचे. आमचे नातेवाईक हसायचे. एकदा मी बाबांनाही हसताना पाहिलं त्या गोष्टीवर, पाहुण्यांसमोर. मी ताट सारून उठले होते. ज्यांना ही गोष्ट गमतीची वाटते त्यांचं तोंड मला आजही पाहवत नाही.

तर हे सगळं त्या कोपऱ्यात आडवं पडलेलं होतं. मी खाली बसले, पदर खोचला, क्रँक उभा केला. थर खरवडला तर जाड भागात दोन करड्या टिकल्या दिसल्या. शिसं जसंच्या तसं होतं. मग मला राहवलं नाही.

"यानंच तुटला तो," मी म्हटलं. "तुमच्या शिशानं. माहीत आहे ना तुम्हाला?"

"वजन पुरं होतं," मोठे बाबा म्हणाले. "म्या सोता तोललं होतं."

"बाबांच्या माघारी केलंत. त्यांना सांगितलं तरी असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काटा चुकीचा वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं.

"माघारी? कोनं सांगतलं तुले? तो आर्वीवून आला तं म्या त्याच्या समोरच ठेवला. म्हन्लं, पाय, पुरा करून ठेवला तुहा माल. त्यानं पाह्यला. एकेका भोकावर बोट फिरवलं."

"मग?"

"मंग काय. बोलला नाई काही. उचलला आन् बसवला." साखळी सारखी करत ते म्हणाले, "नको म्हनला असता तं म्या काढून टाकलं असतं. माहं शिसं वापस आलं असतं. मले का त्याचं लोनचं घालाचं होतं?"

मला त्यांच्यावर धावून जावंसं वाटलं. हो, त्या आटलेल्या म्हाताऱ्यावर. ज्या घरात नको म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाही, त्या घरात तुम्ही नको म्हणायची वाट पाहत होतात, असं काहीतरी बोलायचं होतं. पण ते खोटं बोलत नव्हते हे मला दिसत होतं, आणि खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मी क्रँक उचलला. त्यांची नजर काट्याकडे गेली.

"एक डाव चढवून पायतेस का?"

"नाही," मी म्हटलं. उभी राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून. आमच्या दोन पिढ्यांत तो शब्द त्या दुकानात पहिल्यांदा निघाला असावा. मोठे बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि साखळीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढंच झालं. छत पडलं नाही.

परतताना आंजीच्या अलीकडे मी गाडी थांबवली नाही. पाय ब्रेकवर गेला होता, पण नाही थांबवली. आतापर्यंत मोठ्या बाबांवर एकट्यावर जो राग होता त्यातला निम्मा उचलून बाबांच्या पारड्यात टाकायची वेळ आली होती आणि माझा हात उचलत नव्हता.

आता मी पिपरी मेघेतच राहते, आईला घेऊन. ती जांबाच्या झाडाची जागा नव्हे, तिथे केव्हाच दुसऱ्या कुणाचं घर झालं. दारासमोरच्या ओट्यावर क्रँक भिंतीला टेकवून उभा केला. आई बाहेर आली, पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काऊन आनलं घरी?"

"बाबांनी पाहिलं होतं," मी म्हटलं. "शिसं. बसवायच्या आधी. तू म्हणायचीस त्यांना माहीतच नव्हतं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "दादासमोर तो कधी बोलला का? तुहा बाप वाईट दिसू नाई म्हनून तसं सांगतलं मी." आणि मग, "चहा मांडतो," म्हणून आत गेली.

मी स्वयंपाकघराच्या खणातून बाबांचा पेचकस काढला. लाल मूठ आता पार विटली आहे, मिक्सरचे स्क्रू पिळायला वापरते मी तो. ओट्यावर बसले आणि पहिल्या टिकलीच्या कडेला टोक लावून दाबलं. वाटलं होतं घाम काढेल. शिसं सालीसारखं सुटत आलं, मग सबंध गोळाच हातात आला, सुपारीएवढा. दुसऱ्यालाही तेवढाच वेळ लागला. भोकं आतून अजून चकाकत होती, त्या दिवशी लुगड्यातून निघाली होती तशी. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं.

"झालं का तुहं?" आईनं आतून विचारलं. "चहाले अजून उकळी नाई आली."

झालं होतं. बाबांनी ज्या दिवशी या शिशावर बोट फिरवलं, त्या दिवशीही हा पेचकस त्यांच्या खिशातच होता.